संगणकावरचं स्टाफ नोटेशन : भाग ६
छापलेले ३६ बार, वाजणारे ८८

मोझार्टच्या १७८७ सालच्या 'आइने क्लाइने नाख्टमुझिक'चा तिसरा भाग म्हणजे एक मिन्युएट आणि त्याला जोडलेला ट्रिओ. कागदावर मिन्युएटचे १६ आणि ट्रिओचे २० असे एकूण ३६ बार दिसतात. वाजवताना मात्र ते ८८ होतात. मिन्युएटचे दोन्ही तुकडे दोन-दोनदा वाजले की ३२ बार झाले. ट्रिओचेही तसेच ४०. मग पुन्हा पहिल्यापासून मिन्युएट, या खेपेला तुकडे न परतवता, म्हणजे आणखी १६.

हे सगळं सांगायला कागदावर लागतात दुहेरी दांड्या, त्यांच्या बाजूचे दोन-दोन ठिपके आणि शेवटी 'डा कापो' हे दोन शब्द. वादकाला तेवढं पुरतं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन शिकून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आलेल्या वादकांच्या पिढीला हाताने घाईत खरडलेलं 'डी.सी.'सुद्धा समजे. संगणकाचं तसं नाही, आणि नवशिक्याची पहिली अडचण इथेच होते.

म्यूझस्कोअरमध्ये 'डा कापो' हे शब्द साध्या मजकुरासारखे टाइप केले तर पान अगदी बरोबर दिसतं, छापूनही बरोबर येतं. पण प्ले दाबल्यावर संगीत ७२ बारांवर संपतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं असतात. पुनरावृत्ती आणि उड्यांच्या पॅलेटमधून तीच खूण उचलून ३६व्या बारावर ठेवली की ती आज्ञा होते. 'डा कापो अल फीने' ही खूण निवडली, तर 'फीने' ही खूणही त्याच पॅलेटमधून घेऊन १६व्या बारावर ठेवायला हवी. पहिल्या फेरीत 'फीने' दुर्लक्षिली जाते. उडी मारून परत आल्यावरच तिथे थांबायचं असतं. ट्रिओचा दुसरा तुकडा दुसऱ्यांदा वाजून झाल्याशिवाय उडीही घेतली जात नाही. हा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं, फक्त खुणा खऱ्या हव्यात.

सिबेलियसची रीत थोडी वेगळी. तिथे पुनरावृत्तीसाठी राखलेल्या शैलीत लिहिलेला मजकूर सॉफ्टवेअर वाचतं आणि पाळतं. उड्या फारच गुंतागुंतीच्या असतील, तर कोणते बार कोणत्या क्रमाने वाजवायचे हे आकड्यांत लिहून देण्याचीही सोय आहे.

दिसणारे शब्द आणि पाळायची आज्ञा यांतला हा फरक म्यूझिकएक्सएमएल या फाइलप्रकाराच्या रचनेतही आहे. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संगीत न्यायला हाच प्रकार सर्रास वापरतात. त्यात पानावर दिसणारे शब्द एका जागी नोंदलेले असतात आणि वादनासाठीची सूचना दुसऱ्या जागी. दुसरी नोंद गळाली तर नव्या सॉफ्टवेअरात शब्द दिसतात, पण उडी नाहीशी होते. म्हणून फाइल आयात केल्यावर केवळ पान डोळ्यांखालून घालून भागत नाही. ती शेवटपर्यंत ऐकावीच लागते.

पहिला शेवट आणि दुसरा शेवट दाखवणाऱ्या कंसांचंही असंच. कंसावरचा '१' हा आकडा वाचकासाठी असतो; तो शेवट कोणत्या फेरीत वाजवायचा, हे म्यूझस्कोअरमध्ये गुणधर्मांच्या चौकटीत वेगळं नोंदलेलं असतं. तीन फेऱ्या हव्या असतील तर पुनरावृत्तीच्या शेवटच्या बारावर वादनांची संख्याही ३ करावी लागते.

आता खरा वादाचा मुद्दा. डा कापोनंतर मिन्युएटचे तुकडे पुन्हा दोनदा वाजवायचे की नाहीत? आजचा रूढ प्रघात 'नाही' असा आहे, आणि म्यूझस्कोअरही उडीनंतर पुनरावृत्त्या आपोआप गाळतं. पण पुनरावृत्ती नको असेल तेव्हा 'सेंझा रेप्लिका', म्हणजे 'परत न वाजवता', असं मुद्दाम लिहिलेलं जुन्या संगीतात सापडतं. प्रघात आधीपासूनच तसा असता, तर ही सूचना लिहायचं कारणच नव्हतं. क्रिस्टोफर हॉगवूड यांनी मोझार्टच्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणांत डा कापोनंतरच्या पुनरावृत्त्याही वाजवून घेतल्या. त्या हिशेबाने आपल्या या मिन्युएटचे १०४ बार होतील. म्यूझस्कोअरमध्ये त्यासाठी उडीच्या गुणधर्मांत पुनरावृत्तीच्या पर्यायावर एक टिकमार्क करायचा, इतकंच. पण तो करायचा की नाही हे संगीतकार आणि त्याचा काळ जाणून ठरवायला हवं. सॉफ्टवेअरने आधीच ठरवून ठेवलेलं निमूट मान्य करणं बरं नव्हे.

उड्यांना कंटाळून सगळं संगीत सलग लिहून काढायचा मोह होतो. तो टाळावा. पानं वाढतात, बारांचे आकडे बदलतात आणि तालमीत कोणी '२१व्या बारापासून' म्हटलं की जुनी प्रत हाती असलेला वादक भलतीकडून सुरू करतो.

पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकांनी एवढं करून पाहावं. आपल्या आवडीची, उड्या असलेली एखादी रचना घ्यावी, वाजायचे बार क्रमाने वहीत लिहून त्यांची बेरीज करावी, आणि मगच प्ले दाबून तेवढेच बार वाजतात का हे मोजावं.