बराकीतील शिबंदी : हाँगकाँग आणि मकाव

'शिबंदी' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्या परिचयाचा आहे. गडाच्या बंदोबस्तासाठी, आणि प्रसंगी मुलखातील वसुलीसाठीही, जी फौज ठाण्यावर कायम ठेवलेली असे ती शिबंदी. गड एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला म्हणजे जुनी शिबंदी खाली उतरे आणि नवी वर चढे. तिने काय करावे हे नवा धनी ठरवी. गडाखालच्या रयतेला त्याविषयी कोणी विचारीत नसे. अलीकडच्या काळात मात्र एक शिबंदी अशी होऊन गेली, नव्हे आजही आहे, की तिने काय करू नये हे ती ठाण्यात शिरण्यापूर्वीच कलमवार लिहून ठेवण्यात आले. ही शिबंदी म्हणजे हाँगकाँगमधील चिनी सैन्य. लिहिलेले शब्द बंदूकधारी माणसास कितपत आवरू शकतात, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो, आणि तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

हाँगकाँग बेट इंग्रजांनी १८४२ च्या तहाने चीनकडून घेतले, समोरचा कौलून १८६० मध्ये घेतला, आणि त्यामागचा विस्तीर्ण मुलूख १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळविला. पट्ट्याची मुदत १९९७ मध्ये संपणार होती. हा मागचा मुलूख गेला असता उरलेले शहर तगणे कठीण होते. म्हणून दोन्ही सरकारांत वाटाघाटी झाल्या व १९ डिसेंबर १९८४ रोजी बीजिंग येथे मार्गारेट थॅचर आणि झाओ झियांग यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे हाँगकाँग चीनकडे जावयाचे, परंतु तेथील कायदे, न्यायालये, चलन व राहणी पन्नास वर्षे तशीच ठेवावयाची, असे ठरले. 'एक देश, दोन व्यवस्था' हे त्या योजनेचे नाव.

या वाटाघाटींत सैन्याचा प्रश्न फार नाजूक होता. १९८४ च्या मे महिन्यात चीनचे एक माजी संरक्षणमंत्री गंग ब्याओ यांनी वार्ताहरांजवळ असे सुचविले, की हाँगकाँगमध्ये सैन्य ठेवण्याची जरुरी पडणार नाही. हे ऐकून डेंग शियाओपिंग वार्ताहरांसमक्षच संतापले. जी भूमी आपली आहे तेथे सैन्य ठेवण्याचा अधिकार नसेल तर ती आपली कशी म्हणावी, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. युद्धासाठी त्यांना तेथे फौज नको होती. स्वामित्वाची खूण म्हणून हवी होती. निशाणाचे जे काम, तेच या फौजेचे पहिले काम होते, असे म्हटले तरी चालेल.

पण निशाणाच्या हाती बंदूक नसते. शहरातील लोकांस चिंता होती ती हीच. आणि १९८९ च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकाच्या परिसरात सैन्याने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ती चिंता शतगुणित झाली. यासाठी संयुक्त जाहीरनाम्यात आणि पुढे १९९० च्या मूलभूत कायद्याच्या चौदाव्या कलमात काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या. शहरातील शांतता व सुव्यवस्था राखणे हे स्थानिक सरकारचे काम. सैन्याने अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करावयाची नाही. दंगा वा नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास स्थानिक सरकारने मध्यवर्ती सरकारकडे मागणी केली, तर सैन्य मदतीला येऊ शकेल. सैनिकांनी देशाचे कायदे पाळावयाचे, आणि हाँगकाँगचेही पाळावयाचे. खर्च सगळा बीजिंगचा. हे शेवटचे कलम मौजेचे आहे. इंग्रजी अमदानीत आपल्यावर पहारा करणाऱ्या फौजेच्या खर्चाचा मोठा वाटा हाँगकाँगचे लोक स्वतःच भरीत असत.

डिसेंबर १९९६ मध्ये या शिबंदीसाठी निराळा कायदाच झाला. सैनिकाने तेथील राजकीय वा धार्मिक संस्थेत सामील होऊ नये, कोणताही नफ्याचा धंदा करू नये, असे त्यात आहे. संरक्षणासाठी नको झालेली जमीन स्थानिक सरकारला विनामोबदला परत द्यावी, असेही आहे. कामावर नसताना सैनिकाने एखाद्या नागरिकाला इजा केली तर खटला हाँगकाँगच्या न्यायालयात चालेल. परंतु कामावर असताना गुन्हा घडला तर न्याय सैनिकी न्यायालय करील. आता, कामावर केव्हा आणि कामाबाहेर केव्हा, हे ठरविणे किती अवघड, ते वकिलाच्या घरातील मुलांना सांगावयास नको!

३० जून १९९७ च्या रात्री नऊ वाजता पाचशेंवर सैनिकांची पहिली तुकडी सरहद्द ओलांडून आली. मध्यरात्रीच्या काही क्षण आधी मुख्य ठाण्यावर एका चिनी अधिकाऱ्याने इंग्रज अधिकाऱ्यास, आता आम्ही पहाऱ्यावर येत आहोत, तुम्ही पहारा सोडावा, तुमचा प्रवास सुखाचा होवो, अशा अर्थाचे चार शब्द ऐकविले आणि पहारा बदलला. पहाटे सहाला सुमारे चार हजारांची मुख्य फौज जमिनीवरून, समुद्रातून व आकाशातून आत आली. पाऊस कोसळत होता. उघड्या मोटारींत सैनिक पुतळ्यांसारखे ताठ उभे होते. सरहद्दीजवळच्या खेड्यांतून काही लोक हार घेऊन स्वागताला आले, आणि शहरातील कित्येकांनी चिलखती गाड्यांचे चित्र दूरचित्रवाणीवर पाहून खिडक्या लावून घेतल्या असतील तर त्यांनाही दोष देता येत नाही.

मुख्य ठाणे बंदराच्या काठी टेमार येथे आहे. टेमार हे इंग्रजी आरमाराच्या एका जुन्या जहाजाचे नाव. १९४१ च्या डिसेंबरात जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनीच ते बुडविले. त्याच लढाईत हाँगकाँगच्या शिबंदीत आपल्याकडच्या राजपूत आणि पंजाब पलटणींतील जवानही लढले व धारातीर्थी पडले. पुढे कित्येक वर्षे गुरख्यांच्या पलटणींनी तेथील सरहद्द राखली. टेमारची इमारत पायथ्याशी अरुंद आणि वर रुंद, जणू बाटली उलटी ठेवावी तशी. सत्तांतरानंतरही इंग्लंडच्या युवराजाचे नाव तिला २००२ पर्यंत चिकटून होते. निशाण एका रात्रीत बदलले, पाटी बदलावयास मात्र पाच वर्षे लागली.

त्यानंतर पुष्कळ वर्षे या सैन्याविषयी सांगण्यासारखे घडले नाही, आणि तेच सांगण्यासारखे होते. सैनिक रजेच्या दिवशीही शहरात भटकताना दिसत नसत. दरसाल काही तुकड्या परत जात व नव्या येत. ठरावीक दिवशी बराकींची दारे उघडत, मुले रणगाडीवर चढून छायाचित्रे काढवीत. रक्तदान होई, झाडे लावली जात. २०१४ च्या शरदात मतदानाच्या हक्कासाठी हजारो तरुण या ठाण्याच्या अगदी शेजारी रस्त्यावर ७९ दिवस ठाण मांडून बसले. ठाण्याचे दार उघडले नाही.

२०१९ साली चित्र पालटले. आरोपींना चीनकडे सोपविण्याच्या एका विधेयकाविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले आणि पुढे पोलीस व निदर्शक यांच्यांत रोज चकमकी होऊ लागल्या. ३१ जुलैस शिबंदीने आपल्या दंगलविरोधी सरावाची चित्रफीत प्रसिद्ध केली. २९ ऑगस्टच्या पहाटे तुकड्यांची नेहमीची अदलाबदल झाली, असे जाहीर झाले. परंतु गेलेल्यांची संख्या किती आणि आलेल्यांची किती, हे काही सांगण्यात आले नाही. सैन्य दुपटीहून अधिक, दहा ते बारा हजारांवर गेले असावे, असा परदेशी वकिलातींचा अंदाज रॉयटर्सने सप्टेंबरअखेर दिला. ऑक्टोबरात निदर्शकांनी कौलूनच्या एका बराकीवर लेसरचे झोत टाकले, तेव्हा सैनिकांनी छपरावरून पिवळे निशाण दाखवून ताकीद दिली.

आणि मग १६ नोव्हेंबरचा दिवस आला. त्या दुपारी कौलूनमधील एका बराकीतून अर्ध्या विजारी घातलेले सैनिक हातांत केरसुण्या आणि लाल बालद्या घेऊन धावत बाहेर आले व बॅप्टिस्ट विद्यापीठाजवळच्या रस्त्यावरील विटांचे अडथळे उचलू लागले. शस्त्र एकाच्याही हाती नव्हते. थोड्या वेळाने ते आल्या पावली परत गेले. तरीही शहरभर त्या बालद्यांची चर्चा झाली, कारण चौदाव्या कलमाप्रमाणे मागणी हवी होती आणि स्थानिक सरकारने तर आपण मागणी केलीच नाही म्हणून सांगितले. हे स्वयंसेवेचे काम होते, असा खुलासा झाला. २०१८ च्या वादळानंतर पडलेली झाडे उचलावयास सैनिक आले तेव्हाही असाच खुलासा झाला होता. रस्ता झाडणे ही ढवळाढवळ म्हणता येईल काय? आम्हांस वाटते, प्रश्न केरसुणीचा नव्हताच. बोलावल्यावाचून दार उघडले गेले, हा होता.

प्रत्यक्षात बंदूक घेऊन सैन्य रस्त्यावर उतरले नाही. दंगे मोडण्याचे काम पोलिसांनीच केले, आणि ३० जून २०२० रोजी बीजिंगने राष्ट्रीय सुरक्षेचा कठोर कायदा लागू केला. त्या कायद्याखाली पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रे बंद पडली. सैन्याविषयीची कलमे बव्हंशी पाळली गेली. पन्नास वर्षे जपावयाच्या राहणीचे जे व्हावयाचे ते दुसऱ्या दाराने झाले. १९८४ मध्ये लोकांनी पाहिली होती ती भीती गणवेशातील होती.

मकावची हकिकत यापेक्षा वेगळी, आणि आम्हां गोमंतकीयांस अधिक जवळची. मकाव हे पोर्तुगिजांचे ठाणे १८४४ पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली होते. १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर पोर्तुगालने गोव्याचे भारतातील विलीनीकरण मान्य केले, आणि मकावमधील आपली शिबंदीही काढून घेतली. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी १९६१ पूर्वी येथे पाखल्यांच्या पलटणी पाहिल्या आहेत. सैनिक नसलेले पोर्तुगीज राज्य त्यांच्या कल्पनेत बसत नाही, पण मकावने ते पाव शतक अनुभवले. १९८७ च्या मकावविषयक जाहीरनाम्यात सैन्य ठेवण्याचा उल्लेखच नव्हता. तरी २० डिसेंबर १९९९ रोजी सत्तांतर झाले आणि त्याच दुपारी चिनी तुकडी शहरात आली. त्या काळी तेथे टोळ्यांच्या खुनांनी लोक गांजले होते, त्यामुळे स्वागत मनापासून झाले.

ऑगस्ट २०१७ मध्ये 'हातो' वादळाने मकावमध्ये दहा माणसे दगावली, रस्ते चिखल व कचऱ्याने भरले. स्थानिक सरकारने रीतसर मागणी केली, बीजिंगने मान्यता दिली आणि सुमारे हजार सैनिकांनी शहर साफ केले. मागणी, मान्यता, काम आणि बराकीत परत, असा क्रम होता.

त्या शहरात एक जुनी बराक आजही उभी आहे. कमानींची ती इमारत १८७४ मध्ये बांधली, ती पोलीस बंदोबस्तासाठी गोव्याहून पाठविलेल्या हिंदी शिपायांना राहण्यासाठी. मकावचे लोक त्यांना मूर म्हणत, म्हणून तिचे नाव 'मूरांची बराक'. सध्या तेथे बंदरखात्याची कचेरी आहे.