सिर्केजी स्टेशन : गाडी तीच, गिऱ्हाईकाची वाट बदलली

स्टेशनच्या तोंडाशी गाळा मिळाला की तीन पिढ्यांची रोजीरोटी पक्की, असे आपल्या व्यापारी बांधवांत सर्रास बोलले जाते. मस्जिद बंदरला गाळ्याचा भाव विचारण्याआधी स्टेशन किती लांब, हे विचारतात. हा हिशेब नेहमी बरोबर ठरतोच असे नाही. इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनची हकीकत म्हणूनच आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या कारकिर्दीत, ३ नोव्हेंबर १८९० रोजी हे स्टेशन खुले झाले. नकाशा ऑगस्ट यास्मुंड या जर्मन वास्तुविशारदाचा, पण थाट पूर्वेचा : विटांचे पट्टे, टोकदार कमानी, रंगीत काचांच्या गोल खिडक्या. गवंडीकाम व काचकाम करणाऱ्या भाईंनी तिची छायाचित्रे जरूर पाहावीत. युरोपातून येणारी ओरिएंट एक्सप्रेस येथेच थांबे. पॅरिसहून येणारी ती थेट गाडी १९७७ साली बंद पडली. आमच्या मते मात्र या भागातील दुकानदारीचा खरा आधार रोजची लोकल हाच होता.

ही लोकल हालकालीहून येई आणि सिर्केजीला संपे. पुढे पाणी. आशियाच्या काठावर जाणाऱ्याला येथे उतरून पायी एमिनोनूच्या धक्क्यावर बोट धरावी लागे, आणि धक्क्यासमोरच मिस्र चार्शी हा मसाल्याचा जुना बाजार. गिऱ्हाईकाला बोलावण्याची गरजच नव्हती. ते सकाळ-संध्याकाळ दुकानापुढून जात होते.

मार्च २०१३ मध्ये ही लोकल बंद झाली आणि २९ ऑक्टोबर २०१३ रोजी बोस्फोरसच्या तळाखालून जाणारी मारमाराय रेल्वे सुरू झाली. सिर्केजी तिचेही स्टेशन आहे, पण जमिनीखाली फार खोल. आता गाडी येथे संपत नाही. बसल्या जागी प्रवासी काही मिनिटांत पलीकडे उस्कुदारला पोहोचतो. जो उतरतो, तोही सरकत्या जिन्याने वर जाओलूच्या चढावर बाहेर पडू शकतो. जुन्या दरवाजासमोरच्या चहावाल्याला तो दिसतही नाही. स्टेशनचे नाव तेच, भाडे तेच, गर्दीही असेल. फक्त ती दुकानाखालून जाते.

या भागाला हात दिला तो ट्रामने. १९९२ साली सुरू झालेली ही ट्राम स्टेशनच्या दारातूनच जाते. चढाच्या दिशेने चौथा थांबा बायझीत, म्हणजे छप्परबंद मोठा बाजार, त्यापुढचा लालेली. सोव्हिएत संघ १९९१ साली फुटल्यावर तिकडचे छोटे व्यापारी लालेलीत येऊन कपडे व चामड्याचा माल पिशव्यांत भरून नेऊ लागले, त्यावरून या धंद्याला ‘बॅगेचा व्यापार’ हेच नाव पडले.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी सिर्केजी ते काझलीचेश्मे हा जुना मार्ग पुन्हा सुरू झाला. सव्वाआठ किलोमीटर, आठ स्टेशने, आणि गाडी पुन्हा सिर्केजीलाच संपते. या गाडीने येणारा प्रवासी वरच उतरतो आणि ट्राम किंवा बोट धरायला दुकानांपुढूनच चालत जातो.