अगरबत्तीचे घर

आमच्या देवघरात चिनीमातीची एक वीतभर उंचीची नळकांडी होती. तिच्यात अगरबत्ती लावावयाची, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. ती अण्णाआजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाने, १९५७ साली जर्मनीहून आणलेली. तिकडे त्यांनी जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली होती. परतताना गाडी विकली व ही वस्तू तेवढी उचलून आणली. का, ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

वाडा पाडावयाचा ठरला आणि सामान निघू लागले, तेव्हा जर्मनीतल्या माझ्या भाच्याने फोनवर तिचे छायाचित्र पाहिले मात्र, ओरडलाच, "मामा, ही बीटलची फुलदाणी! लोक शोधत फिरतात!"

आई म्हणाली, "विकून टाक. इतकी वर्षे देवाजवळ होती, तिचे पुण्य झाले."

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात मी मानहाइमला भाच्याकडे गेलो, तो ती मोज्यात गुंडाळूनच. तेथल्या माइमार्क्ट मैदानावर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. दिव्यांच्या काचा, घड्याळे, सहा व्होल्टचे रेडिओ, गंजलेली चाके! आपल्या चोर बाजाराला न्हाऊ-माखू घालून शिस्तीत बसवले की असे दिसेल.

बीटलच्या वस्तू विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपुढे मी फुलदाणी ठेवली. आधी त्यांनी ती उलटी केली. तळाशी ‘वेस्ट जर्मनी’ अशी इंग्रजी अक्षरे होती. देशाची फाळणी १९४९ सालची, एकीकरण १९९० चे. तेव्हा ती या दोहोंमधली, एवढे तेथेच ठरले. मग वजन पाहिले, नखाने टिचकी मारली. नकला पुष्कळ निघतात, म्हणाले. मागची काच दुभंगलेली, ती १९५३ पूर्वीची बीटल. अंड्यासारखी, ती १९५७ पर्यंतची. ज्याची जशी गाडी तशी त्याला जोडीची वस्तू हवी, नुसती जुनी असून भागत नाही. १९९८ सालच्या नव्या बीटलमध्येही कंपनीने फुलदाणी दिली, पण प्लॅस्टिकची. हे सांगताना त्यांचा चेहरा आपल्याकडे कोणी डालड्याचे लाडू पुढे करावेत तसा झाला.

"पकड कोठे आहे?" त्यांनी विचारले. गाडीच्या फळीला फुलदाणी धरून ठेवणारी चकचकीत पकड! ती अण्णाआजोबांच्या गाडीतच राहिली असणार. किंमत निम्म्यावर आली. शिवाय आत काजळी. मी खजील होऊन अगरबत्तीची हकीगत सांगितली. वाटले, आता परतच करतील. तर ते म्हणाले, "धुऊ नका. आणि हे सगळे कागदावर लिहून द्या. वस्तू कोठे होती, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे."

"पण माझे जर्मन..."

"तुमच्या भाषेत लिहा. हा मुलगा खाली अर्थ लिहील."

वीस वर्षे निबंध तपासणारा मी, एका ओळीवर अडलो. विकत घेतली ती अण्णाआजोबांनी. पण वापरली कोणी? शेवटी आईचे नाव लिहिले, आणि ‘रोज सकाळी व तिन्हीसांजा’ असे पुढे जोडले. त्यांनी नव्वद युरो हातावर ठेवले.

आम्ही कॉफी पिऊन परत फिरलो, तो एक तरुण बाई फुलदाणी नाकाशी धरून उभी. चंदनाचा वास अजून येत होता म्हणे. तिने माझा कागद मागून घेतला, अक्षरांवरून बोट फिरवले आणि भाच्याला विचारले, "यातले नाव कोणते?"

त्याने आईच्या नावावर बोट ठेवले. बाईने कागदाची सुरळी केली, फुलदाणीत खोचली आणि पैसे मोजू लागली.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "फुलाची होती होय ती? मला वाटायचे, इतकी रुंद का!"