क्यासनूरचं जंगल, पुण्याची प्रयोगशाळा आणि दोडामार्गचा ताप

1957 सालच्या वसंतात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला म्हैसूर राज्यातून खबर आली. शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात जंगलात माकडं मरून पडत होती आणि त्याच जंगलात सरपणाला, गुरं चारायला जाणारी माणसं कडक तापाने अंथरुणाला खिळली होती. स्थानिक पातळीवर हा टायफॉइडचाच प्रकार असावा असं वाटत होतं. पुण्यातल्या शास्त्रज्ञांच्या मनात मात्र दुसरीच शंका आली, ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वराची साथ येते तेव्हा आधी माकडं मरतात. भारतात हा रोग कधी आलेला नव्हता, त्यामुळे इथे कुणाच्याही अंगात त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नव्हती. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र आपल्या शहरांत मुबलक होता. पीतज्वर एकदा देशात शिरला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही त्या मंडळींना करवत नसणार.

हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून 1952 मध्ये काढलेलं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. त्या वेळी संचालक होते टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या जोडीला होते हॅरॉल्ड ट्रॅपिडो, पनामाच्या जंगलात पीतज्वराच्या डासांचा अभ्यास केलेले. दोघांनी मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने पुण्याला आणले. त्यातून विषाणू मिळाला, पण तो पीतज्वराचा नव्हता. रशियात आणि सायबेरियात वसंत-उन्हाळ्यात मेंदूज्वर आणणारे जे विषाणू आहेत, त्यांच्या कुळातला हा निघाला. ते विषाणू डासांतून येत नाहीत, गोचिडीतून येतात. ज्या जंगलात माकडं मेली त्या क्यासनूरचं नाव रोगाला मिळालं. कानडी मुलखात लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणू लागले. आपल्याकडे तो माकडताप.

सायबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद सह्याद्रीत कसा? हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर गोचिडी असतात, त्यांच्याबरोबर विषाणू आला असेल का, असा तर्क निघाला. वर्क स्वतः पक्षीवेडे आणि सलीम अलींशी त्यांचा परिचय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मोठ्या प्रमाणावर माग काढायला सुरुवात केली. पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा शेवटपर्यंत मिळाला नाही. पण भारतातले स्थलांतरित पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात याचं जे पद्धतशीर ज्ञान आज आपल्याकडे आहे, त्याची पायाभरणी या एका तापाच्या निमित्ताने झाली. संशोधनाला लावलेला पैसा अशा आडवाटेनेही परत येतो, आणि हिशेब मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

विषाणूचं उत्तर आकाशात मिळालं नाही, ते जमिनीवर पातेऱ्यात होतं.

गोचीड शोधायची पद्धत अगदी साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधायचा आणि जंगलातल्या पालापाचोळ्यावरून, झुडपांवरून हळूहळू ओढत न्यायचा. काही पावलं गेलं की कापड उलटं करून बघायचं. त्यावर तपकिरी ठिपके हलताना दिसतात. जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही बारीक. हे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा जातीच्या गोचिडीचं पिल्लू, म्हणजे मधली अवस्था. वाळक्या पानाच्या टोकावर, गवताच्या पात्यावर ते चढून बसतं आणि पुढचे पाय हवेत उचलून वाट बघतं. जवळून कोणी जनावर किंवा माणूस गेला, त्याच्या श्वासाची, उष्णतेची चाहूल लागली, की त्याला चिकटतं. चावलेलं बहुतेकांना कळतसुद्धा नाही.

या गोचिडीचं वर्षभराचं चक्र पावसाशी बांधलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या गोचिडी गुरांवर, गव्यांवर रक्त पितात, गळून पडतात, पाचोळ्यात अंडी घालतात. पाऊस ओसरला की अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्र्या, खारी, जमिनीवर चरणारे पक्षी यांच्या अंगावर पोसतात. नोव्हेंबर उजाडला की मधल्या अवस्थेतली पिल्लं जंगलभर दिसू लागतात, ती थेट मेपर्यंत. माकडतापाचे रुग्णही नेमके याच महिन्यांत. अळीच्या पोटात विषाणू गेला असेल तर कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावरही तो तिच्यात टिकून राहतो.

माकडाची गोष्ट वेगळी. वानर आणि लाल तोंडाची केल्डी, दोघांनाही हा विषाणू जड जातो. माकडाच्या रक्तात तो प्रचंड वाढतो, त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी तो पितात आणि माकड मेलं, अंग गार पडलं, की त्या सगळ्या तिथेच खाली उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जागा पुढे बराच काळ धोक्याची. माकडाचं प्रेत दिसलं की भोवतीच्या सुमारे 50 मीटर परिघात कीटकनाशकाची भुकटी मारतात, ती यासाठी. माणूस मात्र या साखळीचं शेवटचं टोक. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही.

आणि गुरं? गाईला-म्हशीला काहीच होत नाही. ती आजारी पडत नाहीत, त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. पण मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त देऊन त्यांची संख्या बेसुमार वाढवण्याचं काम गुरंच करतात. पुणे केंद्रातल्या होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने 1969 मध्ये हे सगळे धागे एकत्र आणले. दाट सदाहरित जंगलात हा विषाणू लहान प्राण्यांमध्ये आणि गोचिडींमध्ये गुपचूप नांदत असावा. जंगल तोडून मध्येच भातशेती आली, कडेला झुडपं माजली, त्यात गुरं चरायला शिरली, की गोचिडी वाढतात, माकडांपर्यंत पोचतात आणि मग माणसांपर्यंत. रोग नवा नसेलही, आपण त्याच्या घरात शिरलो ते नवं. आज जगभर ज्याला ‘वन हेल्थ’ म्हणतात, म्हणजे माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकत्र बघणं, ते शिमोग्यातल्या सागर-सोरबच्या जंगलात अर्ध्या शतकापूर्वी प्रत्यक्ष चाललं होतं. पी. के. राजगोपालन यांच्यासारखे कीटकशास्त्रज्ञ त्या काळात रानात राबले आहेत.

या कामाची किंमतही मोजावी लागली. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्या अनेक कर्मचाऱ्यांना तापाची लागण झाली. आजच्यासारखी बंदिस्त, सुरक्षित दालनं तेव्हा नव्हती. पुण्यात पाषाणमध्ये सर्वोच्च सुरक्षेची, बीएसएल-4 दर्जाची प्रयोगशाळा उभी राहायला 2012 साल उजाडलं. मधल्या काळात जंगलातलं ते सलग काम आटलं. रुग्ण मोजणं चालू राहिलं, पण गोचिडी, उंदीर, माकडं, गुरं आणि माणसं यांच्याकडे एकाच वेळी वर्षानुवर्षं बघणारी नजर उरली नाही. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

कारण रोग थांबला नव्हता. 1983-84 मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळ्तंगडी भागात मोठी साथ आली. 2012 च्या अखेरीस तो बंडीपूरला दिसला. तिथे मेलेली माकडं उचलून त्यांची विल्हेवाट लावणारे वनखात्याचेच लोक आजारी पडले. पाठोपाठ केरळात वायनाड. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाळी गाव आणि 2016 च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातलं केर. तिथून पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरापर्यंत.

दोडामार्गात हा ताप कोणाला होतो हे बघितलं की सगळं उलगडतं. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम. बोंडं खाली पडतात आणि बायामाणसं झाडाखाली वाकून, बसून, पाचोळा हाताने बाजूला सारत बी गोळा करतात. त्याच दिवसांत भाजावळीसाठी रानातून पातेरा आणि कवळ आणायची, डोक्यावर भारा घेऊन. सरपण, गुरं, रानातल्या पायवाटा हे सगळं त्याच महिन्यांत. गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम आणि माणसाच्या कष्टाचा हंगाम एकच. गोव्यात काजू कामगारांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा शोधणारा अभ्यास झाला तो याच कारणाने. दोडामार्गातल्या तिलारीच्या खोऱ्यात गेल्या काही दशकांत रबराच्या आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगर उघडे झाले आहेत. त्यांचा आणि या तापाचा थेट संबंध सिद्ध झाला आहे असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटन आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे मिळून केलेल्या अभ्यासात ओलसर सदाहरित जंगल, बागायती आणि गुरं यांची सरमिसळ असते तिथे धोका जास्त आढळला आहे. बोशेल यांचं म्हणणं पन्नास वर्षांनी नकाशावर उमटलं.

ताप एकदम चढतो, थंडी वाजून. कपाळ ठणकतं, मान, कंबर, पोटऱ्या इतक्या दुखतात की माणसाला कूस बदलवत नाही. डोळे लाल होतात. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात. आठ-पंधरा दिवसांत बरेच जण सावरतात, पण काहींना मधे बरं वाटून पुन्हा ताप उलटतो आणि या वेळी मेंदूवर जातो. मृत्यूचं प्रमाण साधारण शेकडा 3 ते 5. विषाणूवर थेट औषध नाही, वेळेवर सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि शुश्रूषा एवढंच हातात असतं. सिंधुदुर्गातल्या डॉक्टरला असा रुग्ण दिसला की डेंग्यू किंवा लेप्टोच आठवणार, त्यात त्याचा दोष नाही. ‘गेल्या आठवड्यात रानात गेला होतात का, आसपास वानर मेलेलं दिसलं का,’ हे दोन प्रश्न विचारायचे असतात, हे त्याला कोणी तरी सांगायला हवं होतं. हे ज्ञान पुण्यात साठ वर्षं होतं.

लसीची कथा तर चटका लावणारी आहे. कोंबडीच्या गर्भातल्या पेशींवर वाढवलेल्या, फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस साठच्या दशकात पुण्यातच विकसित झाली. पुढे कर्नाटकात ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग वर्धक मात्रा, मग दरवर्षी एक. दुखायची फार, त्यामुळे पहिली घेतलेले दुसरीला येत नसत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की एका मात्रेचा उपयोग होत नाही, दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के संरक्षण मिळतं आणि वर्धक घेतल्यावर सुमारे 83 टक्के. 2018-19 च्या हिवाळ्यात सागर तालुक्यातल्या अरळगोडूत साथ आली तेव्हा लसीवरचा लोकांचा विश्वास आणखी डळमळला. लसीची ताकद पुरेशी नाही हे स्पष्ट झाल्यावर 2022 मध्ये ती थांबवण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नव्या लसीवर काम करत आहेत. तोवर अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात टाकणं, एवढ्यावरच भिस्त आहे. मार्चच्या उन्हात काजूच्या बागेत पूर्ण कपड्यांत, तेल चोपडून दिवसभर वाकून काम करायला सांगणं सोपं, करणं फार कठीण.

अजून कितीतरी गोष्टी कळायच्या आहेत. दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांत विषाणू नेमका कोणत्या प्राण्यात दबा धरून बसतो? सौराष्ट्र आणि कच्छमधल्या जुन्या रक्ततपासण्यांत याच कुळातल्या विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या, त्यांचा अर्थ काय? सौदी अरेबियात 1990 च्या दशकात सापडलेला अल्खुर्मा विषाणू याचा सख्खा भाऊ, मग या दोघांचं मूळ घर कोणतं? ही उत्तरं पुण्यातल्या बंद दालनांत बसून मिळणार नाहीत. दोडामार्गला किंवा गोव्यातल्या वाळपईला बारमाही केंद्र हवं, जिथे कीटकशास्त्रज्ञ, पशुवैद्य, वनरक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर एकाच नोंदवहीत लिहितील. साथ आली की पथक पाठवायचं आणि रुग्ण कमी झाले की परत बोलवायचं, याने काही साधत नाही. केरमधल्या काजूच्या बागेत वानर मेलं तर त्याची बातमी तालुक्यातल्या दवाखान्यात त्याच दिवशी पोचली पाहिजे, आणि ती पोचवणाऱ्या गुराख्याला कोणाला फोन करायचा हे ठाऊक पाहिजे.