रक्तदाबाचे स्वयंचलित दरवाजे

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जा, एक प्रश्न हमखास कानांवर येईल. "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" भोगावती नदीवरील या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक खुणेपर्यंत चढले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्यासाठी मध्यरात्री कोणी बटण दाबायला उभे राहावे लागत नाही. पाण्याची पातळी हाच निरोप आणि पाण्याचा दाब हीच शक्ती!

असेच दरवाजे आपल्या शरीरातही आहेत. कमरेच्या थोडे वर, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम वजनाची दोन मूत्रपिंडे असतात. 'मूत्र तयार करणारा अवयव' एवढीच त्यांची ओळख आपण परीक्षेपुरती पाठ करतो. परंतु रक्तदाबाची राखण हेही त्यांचेच काम आहे.

आधी दाब म्हणजे काय ते पाहू. निरोगी माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८० असतो. पहिला आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि दुसरा ते सैल पडतानाचा. हे आकडे पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधील उंची सांगतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. १२० ला १३.६ ने गुणा. उत्तर येईल १,६३२ मिलिमीटर. म्हणजे रोहिणीतील रक्त जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकते!

हा दाब प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतो. हृदयाचा पंप किती जोरात चालतो, नळ्यांत रक्त किती आहे आणि नळ्या किती रुंद आहेत. तिसऱ्या गोष्टीत एक गंमत आहे. पॉइझेलच्या नियमानुसार नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो. ती फक्त दहा टक्क्यांनी घटली तरी विरोध दीडपट होतो. बारीक रक्तवाहिन्या किंचित आवळल्या तरी दाब का चढतो, हे आता तुमच्या लक्षात येईल.

मूत्रपिंडांना या दाबाची एवढी काळजी का? कारण त्यांचे काम गाळण्याचे आहे आणि गाळायला दाब लागतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पंधरा लिटरचे बारा हंडे म्हणा ना! त्यातला जवळजवळ सर्व द्रव परत रक्तात घेतला जातो आणि जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर पडते. किती परत घ्यायचे आणि किती सोडायचे, याच हिशेबात रक्तदाबाची किल्ली आहे.

आता तालमीत चला. लाल मातीत दोन तास घुमून पैलवान घामाने निथळला आहे. घामाबरोबर पाणी गेले, मीठही गेले. रक्ताचे आकारमान घटले आणि दाब उतरू लागला. मूत्रपिंडात शिरणाऱ्या सूक्ष्म रोहिणीच्या भिंतीत काही राखणदार पेशी असतात. त्यांच्यावरचा ताण कमी झाला की त्या रेनिन नावाचे विकर रक्तात सोडतात. यकृताने तयार केलेले एक प्रथिन रक्तात फिरतच असते. रेनिन त्याचा एक तुकडा तोडते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दुसरे एक विकर हा तुकडा आणखी छाटते आणि तयार होते अँजिओटेन्सिन-२ हे प्रभावी संप्रेरक.

ते एकाच वेळी अनेक कामे करते. बारीक रक्तवाहिन्या आवळते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला आल्डोस्टेरोन सोडायला लावते. या संप्रेरकाच्या हुकमाने मूत्रपिंड मीठ राखून ठेवते आणि मिठामागोमाग पाणीही राहते. शिवाय तहान लागते. पैलवान थंडाईचा पेला मागतो, तेव्हा त्यात अँजिओटेन्सिनचाही हात असतो, बरे का!

दाब वाढला की याच्या उलट घडते. रेनिन कमी होते, ताणलेल्या हृदयाच्या कर्णिका मीठ बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक सोडतात आणि मूत्रावाटे मीठ-पाणी जास्त जाते. थोडक्यात, दरवाजे उघडतात. या उलट दिशेच्या दुरुस्तीलाच शास्त्रज्ञ 'निगेटिव्ह फीडबॅक' म्हणतात.

या व्यवस्थेचा पहिला धागा १८९८ मध्ये स्टॉकहोमला सापडला. टिगरस्टेट आणि बर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. अर्कातील त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने थोडी आवळली. सर्व शरीराचा दाब चढला आणि चढलेलाच राहिला!

असे का झाले? राखणदार पेशींना फक्त आपल्या दारातला दाब कळतो. चिमट्यापलीकडे दाब कमी, म्हणून त्या समजल्या की सगळ्या शरीरातच दाब पडला. त्यांनी इमानाने रेनिन सोडले, पण खबरच चुकीची होती. माणसाची मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली तरी हेच घडते. चढलेला दाब नेफ्रॉनांची नासाडी करतो आणि दुखावलेले मूत्रपिंड दाब आणखी चढवते. असे हे दुष्टचक्र आहे.

ते तोडण्याच्या प्रयत्नात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. रक्तवाहिन्या आवळा आणि रेनिन सोडा, हा निरोप मज्जातंतूही देत असतात. सर्पगंधेतील रेसर्पिन या तंतूंच्या टोकाशी साठवलेले निरोप्या द्रव्यच संपवून टाकते. पुढे ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. १९८१ पासून ते वापरात आले. अँजिओटेन्सिन-२ तयार करणारी कात्रीच ते अडवते. एका औषधाच्या वनस्पतीच्या नावात साप, तर दुसऱ्याच्या उगमातच साप! मात्र यांतले काहीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घ्यायचे नाही.

आता आपल्या ताटाकडे वळू. सलाइनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते, कारण रक्ताशी जुळणारे प्रमाण तेवढेच. म्हणजे ९ ग्रॅम जादा मीठ शरीरात साचले, तर ते सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवील. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर काढते, पण रोजच भार पडला तर दाब हळूहळू चढू शकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड, खर्डा आणि फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक काम करा. येत्या रविवारी आई, वडील, आजी, आजोबा यांना विचारा, "रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" उत्तर आठवत नसेल, तर त्यांना दवाखान्यात घेऊन जा. धरणाच्या दरवाजांची चौकशी सगळे गाव करते. घरातल्या दरवाजांची चौकशी तुम्हीच करायला हवी.