घर गेल्यावरही उरणारी वर्गणी : अमेरिकेतील एचओएच्या थकबाकीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील नियोजित वसाहतींमध्ये किंवा कॉन्डोमिनियम इमारतींमध्ये घर विकत घेणारी व्यक्ती खरेदीबरोबरच तेथील घरमालक संघाची, म्हणजे होमओनर्स असोसिएशनची किंवा रूढ भाषेत एचओएची, सभासद होते. हे सभासदत्व ऐच्छिक नसते, कारण वर्गणीचे बंधन मालमत्तेच्या नोंदणीकृत अटींमध्येच नमूद केलेले असते आणि मालक बदलला तरी ते मालमत्तेबरोबर चालत राहते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था थकबाकीसाठी सहकार खात्याकडून वसुली दाखला मिळवते. एचओएला अशा खात्याकडे जावे लागत नाही, तर राज्याचा कायदा आणि नोंदणीकृत अटी यांच्या आधारे ती घरावर बोजा नोंदवू शकते आणि अनेक राज्यांत त्या बोज्यापोटी घर विक्रीलाही काढू शकते.

गृहकर्जाचे हप्ते थकल्यावर गहाण घर विकून कर्ज वसूल करण्याच्या प्रक्रियेला फोरक्लोजर म्हणतात. फोरक्लोजर आणि दिवाळखोरी ही दोन्ही संकटे एकाच कुटुंबावर आली, की एचओएच्या थकबाकीविषयी अनेक समजुती पसरतात आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच घोटाळ्यात असते. व्यक्तीचे वैयक्तिक दायित्व, घरावरील बोजा आणि सरकारी नोंदीतील मालकी या तीन स्वतंत्र गोष्टी असून त्या वेगवेगळ्या तारखांना व वेगवेगळ्या मार्गांनी संपतात, हे लक्षात घेतले जात नाही.

गैरसमज १ : दिवाळखोरी मंजूर झाली की एचओएची सगळी बाकी माफ होते.

वस्तुस्थिती : दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे ऋणकोची विक्रीयोग्य मालमत्ता विकून उरलेल्या देण्यांतून त्याला मुक्त करणाऱ्या पद्धतीत, अर्ज दाखल होण्यापूर्वी थकलेल्या वर्गणीचे वैयक्तिक दायित्व सामान्यतः संपते. अर्जानंतर देय होणाऱ्या वर्गणीला मात्र कलम ५२३(अ)(१६) लागू होते. ऋणकोचा किंवा न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताचा त्या घरात कायदेशीर, न्याय्य वा ताब्याचा मालकी हितसंबंध असेपर्यंत ही नवी वर्गणी ऋणमुक्तीच्या बाहेर राहते. १९९४ मध्ये ही तरतूद प्रथम आली तेव्हा ऋणको स्वतः घरात राहत असेल किंवा भाडे घेत असेल एवढ्यापुरतीच ती मर्यादित होती. २००५ च्या सुधारणेने ही अट काढून टाकली, त्यामुळे आता रिकाम्या घराची वर्गणीही मालकाच्या नावावर चढत राहते.

तेराव्या प्रकरणाखाली ऋणको तीन ते पाच वर्षांच्या योजनेतून देणी फेडतो. ही योजना पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या ऋणमुक्तीच्या अपवादांत वरील कलमाचा उल्लेख नाही, आणि या आधारावर नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये अर्जानंतरची कॉन्डो वर्गणीही अशा ऋणमुक्तीत येऊ शकते असा निर्णय दिला. हा निर्णय कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या पश्चिमेकडील राज्यांतील न्यायालयांवर बंधनकारक आहे. इतरत्र न्यायालयांची मते विभागलेली असल्यामुळे तो सर्व देशाचा नियम समजता येत नाही.

गैरसमज २ : ऋणमुक्ती मिळाली म्हणजे घरावरचा बोजाही उतरला.

वस्तुस्थिती : ऋणमुक्तीचा हुकूम धनकोला ऋणकोच्या खिशापर्यंत पोहोचू देत नाही, पण घरावर वैधपणे चढलेला बोजा त्या हुकुमाने आपोआप नाहीसा होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये गहाणाच्या संदर्भात हा भेद स्पष्ट केला : व्यक्तीविरुद्धचा दावा संपतो, मालमत्तेविरुद्धचा उरतो. त्यामुळे दिवाळखोरीनंतरही घर स्वतःकडे ठेवू इच्छिणाऱ्या मालकाकडून जुनी बाकी व्यक्तिशः मागता येत नसली, तरी बोजा न फेडल्यास घर गमावण्याचा धोका कायम राहतो.

गैरसमज ३ : घर रिकामे करून किल्ल्या बँकेला दिल्या की वर्गणी थांबते.

वस्तुस्थिती : दिवाळखोरीच्या कागदपत्रांत घर ‘सोडून देत असल्याचे’ लिहिणे हे केवळ इराद्याचे निवेदन असते, त्याने मालकी हस्तांतरित होत नाही. फोरक्लोजरची विक्री पूर्ण होऊन नवा मालकीदस्त होईपर्यंत नोंदीत जुनाच मालक राहतो आणि वर्गणीही त्याच्याच खात्यावर चढते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा राज्यांत फोरक्लोजरसाठी न्यायालयीन दावा लागत असल्याने हा मधला काळ वर्षांत मोजावा लागू शकतो. बँकेला प्रक्रिया लवकर संपवण्याची सक्ती सहसा करता येत नाही, आणि काही वेळा बँक ती अर्धवटही सोडते. नोकरी सुटल्यावर टाउनहाउस तसेच सोडून पुण्या-मुंबईला परतणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. मालकी लवकर सोडवायची असल्यास बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकणे किंवा फोरक्लोजरऐवजी मालकीदस्त थेट बँकेच्या नावे करून देणे असे मार्ग असतात, पण दोन्हींसाठी बँकेचा होकार आवश्यक असतो.

गैरसमज ४ : बँकेच्या फोरक्लोजरपुढे एचओएचा बोजा नेहमीच दुय्यम ठरतो.

वस्तुस्थिती : पहिल्या गहाणाच्या फोरक्लोजरने नंतरचे बोजे पुसले जातात हा सर्वसाधारण नियम खरा असला, तरी अनेक राज्यांनी ठरावीक महिन्यांच्या वर्गणीला गहाणाच्याही आधी स्थान दिले आहे. नेवाडात ही मर्यादा नऊ महिन्यांच्या वर्गणीची असून अशा अग्रक्रमी बोज्यापोटी झालेली विक्री बँकेचे पहिले गहाणही नष्ट करू शकते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. फ्लोरिडात नवा मालक मागील मालकाच्या थकबाकीला त्याच्यासह जबाबदार धरला जातो. मात्र फोरक्लोजरमधून घर घेणाऱ्या पहिल्या गहाणदार बँकेचे जुन्या बाकीचे दायित्व, ठरावीक अटी पाळल्या असल्यास, बारा महिन्यांची वर्गणी किंवा मूळ कर्जाचा एक टक्का यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढेच राहते. येथेही बोजा आणि दायित्व यांतला फरक महत्त्वाचा ठरतो, कारण फोरक्लोजरने बोजा पुसला गेला तरी दिवाळखोरीत न संपलेली बाकी एचओए माजी मालकाकडून दावा लावून मागू शकते.

गैरसमज ५ : वसुली एजन्सीचे पत्र आले की रक्कम भरावीच लागते, किंवा पत्राकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चुकीची आहेत. १९७७ चा केंद्रीय वसुली-आचार कायदा मुख्यतः दुसऱ्याचे कर्ज वसूल करणाऱ्या एजन्सींना आणि हे काम नियमित करणाऱ्या वकिलांना लागू होतो. स्वतःच्या नावाने वर्गणी मागणारी एचओए सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. एजन्सीला पहिल्या संपर्कात किंवा त्यानंतर पाच दिवसांत देण्याचा तपशील द्यावा लागतो, आणि ती सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतल्यास पडताळणी पाठवेपर्यंत हरकतीच्या रकमेची वसुली थांबवावी लागते. ऋणमुक्तीत गेलेली बाकी व्यक्तीकडून मागणे हे न्यायालयाच्या मनाई हुकुमाचे उल्लंघन ठरते. त्यासाठी दिवाळखोरी न्यायालयात दाद मागता येते, मात्र धनकोच्या कृतीला वाजवी आधार होता असे दिसल्यास अवमानाची कारवाई होत नाही, हा निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घालून दिला. याउलट, अर्जानंतरची वर्गणी वैध असताना दाव्याचे समन्स दुर्लक्षित केले, तर एकतर्फी निकाल लागून पगार किंवा बँक खाते जप्तीच्या कक्षेत येऊ शकते.

अशा प्रकरणात सापडलेल्या व्यक्तीने प्रथम तीन तारखा कागदोपत्री निश्चित कराव्यात : दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याची, ऋणमुक्तीच्या हुकुमाची आणि मालकी दुसऱ्याच्या नावे गेल्याची, यांपैकी शेवटची तारीख काउंटीच्या नोंदणी कार्यालयात पडताळता येते. त्यानंतर एचओएकडून महिनावार खातेउतारा मागवावा, वर्गणी, दंड, व्याज आणि वकिलाचे शुल्क वेगळे करून प्रत्येक रक्कम या तारखांच्या आधीची आहे की नंतरची हे तपासावे, आणि एकही रक्कम भरण्यापूर्वी त्या राज्यातील दिवाळखोरी-वकिलाचा सल्ला घ्यावा.