शॉटगन माइक घेतला, तरी आवाज टाकीतून आल्यासारखा का येतो?

समजा, आजीच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. नातवाने मित्राकडून चांगला कॅमेरा आणला, यूट्यूबवर पाच-दहा रिव्ह्यू पाहून शॉटगन माइक मागवला, तो कॅमेऱ्यावर लावला आणि हॉलमध्ये आजीला सोफ्यावर बसवून तासभर गप्पा मारल्या. चित्र सुरेख आलं. आवाज मात्र असा, की आजी हॉलमध्ये नाही तर रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून बोलतेय. मागे पंख्याची घरघर, त्यात कॅमेऱ्यामागे उभ्या नातवाचा श्वास.

रील बिघडली तर उद्या पुन्हा शूट करता येते. आजी तीच गोष्ट त्याच ओघात पुन्हा सांगेल याची काही खात्री नसते.

आता यात माइक खराब होता का? बहुतेक वेळा नाही. लांबून आवाज 'ओढून' आणणारं यंत्र म्हणून तो विकत घेतला जातो, आणि शॉटगन माइक नेमकं तेच करत नाही.

नळीच्या आत काय चालतं?

शॉटगन हे नाव फक्त दिसण्यावरून पडलंय. लांबट नळी, कडेने बारीक खाचा. आवाज पकडणारा भाग, म्हणजे कॅप्सूल, नळीच्या आत मागच्या बाजूला असतो. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ कॅप्सूलपर्यंत जातो. बाजूने येणारा आवाज मात्र सगळ्या खाचांमधून एकाच वेळी आत शिरतो. पुढच्या खाचेतून शिरलेल्याला कॅप्सूलपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं, मागच्या खाचेतून शिरलेल्याला कमी. हे सगळे तुकडे मागे-पुढे पोहोचतात, एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते, आणि ते एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून टाकतात.

म्हणजे हा माइक समोरचा आवाज मोठा करत नाही. तो बाजूचा आवाज कमी करतो. कॅमेऱ्याच्या झूम लेन्सशी त्याची तुलना नेहमी केली जाते, पण झूम केल्यावर लांबची वस्तू खरोखर मोठी दिसते. शॉटगन माइकमध्ये असं काही होत नाही. जवळचं उदाहरण घोड्याच्या झापडांचं. बाजूचं दिसेनासं होतं, पण समोरचा रस्ता काही जवळ येत नाही.

पंखा का ऐकू येतो?

इथे थोडं गणित आहे, पण शाळेतलंच. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्यामुळे १०० हर्ट्झच्या जाड आवाजाची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते. १००० हर्ट्झची ३४ सेंटीमीटर. ५००० हर्ट्झची जेमतेम ७ सेंटीमीटर.

आणि आपल्या माइकची नळी? पंधरा-वीस सेंटीमीटर. एवढ्या नळीत साडेतीन मीटरची लाट शिरली, तर सगळ्या खाचांमधून आत आलेले तुकडे जवळजवळ एकाच अवस्थेत असतात. खोडायला फरकच उरत नाही. म्हणून साधारण हजार-दोन हजार हर्ट्झच्या खाली नळीचा उपयोग फारसा होत नाही, आणि माइक त्याच्या कॅप्सूलच्या स्वभावावर जातो. हा स्वभाव बहुतेक वेळा सुपरकार्डिऑइड असतो, म्हणजे समोरचं जास्त, बाजूचं कमी, पण ठीक मागचंही थोडं ऐकणारा.

पंखा, फ्रिज, एसी, रस्त्यावरचा ट्रक, सोसायटीचा पाण्याचा पंप या सगळ्यांची घरघर खालच्या पट्टीतली असते. ती नळीला अडवता येत नाही. उलट स, श, च यांतली सळसळ वरच्या पट्टीत असते. बोलणारा माणूस जरा मान वळवून माइकच्या रेषेबाहेर गेला, की आधी हीच सळसळ बोथट होते आणि शब्द अस्पष्ट वाटू लागतात. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांमध्ये एकच शॉटगन माइक ठेवून पॉडकास्ट करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

यात 'ठीक मागचंही थोडं ऐकणारा' हे विसरू नये. सिनेमावाले माइक बूमच्या काठीला लावून वरून खाली, बोलणाऱ्याच्या छातीच्या दिशेने धरतात. पद्धत उत्तमच. पण आपल्या घरात वरून धरलेल्या माइकच्या बरोब्बर पाठीमागे काय असतं? छताचा पंखा. अशा वेळी माइक जरा तिरका धरला, तर पंखा ठीक मागे न राहता मागच्या कोपऱ्यात येतो. सुपरकार्डिऑइड माइक सगळ्यात कमी ऐकतो ती दिशा समोरच्या रेषेपासून सुमारे १२५ अंशांवर असते.

खोली छोटी, त्रास मोठा

मोकळ्या मैदानात आवाज तोंडातून निघतो आणि निघून जातो. दहा बाय बाराच्या खोलीत तो भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून सगळीकडून माइककडे परत येतो. हे परतलेले आवाज बाजूच्या खाचांमधून शिरतात. नळी त्यांचा वरचा काही भाग खोडते, खालचा तसाच सोडते, आणि तेही प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या प्रमाणात. परिणाम म्हणजे तो पोकळ, डब्यातला आवाज.

म्हणूनच सिनेमाचे अनुभवी साउंड रेकॉर्डिस्ट घराच्या आत शॉटगन वापरायला फारसे उत्सुक नसतात. आत शूटिंग असेल तर ते नळी नसलेला, लहानसा सुपरकार्डिऑइड माइक काढतात. सेनहायझर एमकेएच ५० आणि शोप्सची एमके ४१ कॅप्सूल ही त्यातली नेहमीची नावं. दोन्ही महाग आहेत. पण तत्त्व फुकट आहे. छोट्या खोलीत नळीवाल्या महाग माइकपेक्षा नळी नसलेला बेताचा माइक जवळ धरलेला बरा.

मग अमेरिकेत ट्रेलर आणि जाहिरातींना आवाज देणारे कलाकार बंद खोलीत शॉटगनवरच कसं रेकॉर्ड करतात? कारण ती 'खोली' चारी बाजूंनी आवाज शोषणारी असते आणि तोंड माइकपासून वीतभर अंतरावर असतं. परतून येणारा आवाजच नाही, तर त्रास कशाचा?

अंतराचा हिशोब

माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट केलं, की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. कॅमेऱ्यावर, दोन मीटर लांब बसवलेला माइक काढून तोच चौकटीच्या जरा बाहेर, अर्ध्या मीटरवर आणला तर अंतर दोनदा निम्मं झालं. म्हणजे १२ डेसिबलचा फायदा. खोलीतली घुमघुम मात्र जवळपास तेवढीच राहते. कुठलाही महाग माइक घेऊन केवळ ब्रँडच्या जोरावर एवढा फरक पडत नाही, आणि हे विकणाऱ्यांच्या व्हिडिओंमध्ये क्वचितच सांगतात.

कॅमेऱ्यावरचा माइक हा एका अर्थाने सगळ्यात वाईट जागी ठेवलेला माइक असतो. बोलणाऱ्यापासून लांब आणि कॅमेरावाल्याच्या बोटांपासून, श्वासापासून, लेन्सच्या मोटरपासून जवळ.

आता नावानिशी तुलना

या जातीतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव सेनहायझर एमकेएच ४१६. १९७० च्या दशकापासून हा माइक जगभरच्या सिनेमा आणि टीव्हीच्या सेटवर आहे. लांबी २५ सेंटीमीटर, वजन १६५ ग्रॅम, स्वतःचा अंगभूत सूंसूं आवाज १३ डेसिबल. वरच्या पट्टीत त्याला मुद्दाम किंचित उठाव दिलेला आहे, त्यामुळे शब्द गर्दीतही पुढे येतात. अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास असते. तो फँटम पॉवरवर, म्हणजे केबलमधून मिळणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो. त्यात बॅटरी घालायची सोय नाही. मोबाइलला किंवा साध्या कॅमेऱ्याला तो थेट जोडता येत नाही, मध्ये रेकॉर्डर किंवा ऑडिओ इंटरफेस लागतो. हा खर्च वेगळा, आणि तो धरायचा राहून जातो.

रोडचा एनटीजी ५ हा २०१९ सालचा. किंमत ४१६ च्या साधारण निम्मी, वजन अवघं ७६ ग्रॅम. बूमची काठी तासभर डोक्यावर धरून उभं राहणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो. अंगभूत आवाज १० डेसिबल, म्हणजे ४१६ पेक्षाही कमी. कागदावर सरस.

तिसरा सेनहायझरचाच एमकेई ६००. हा फँटम पॉवरवर चालतो, नाही तर एका साध्या पेन्सिल सेलवर. अंगभूत आवाज १५ डेसिबलच्या आसपास. सोबत खालची घरघर छाटणारं बटणही आहे. लग्नाचे व्हिडिओ करणारे, स्थानिक बातम्यांचे चॅनेल, एकट्याने फिरून शूट करणारे यांना सेलची सोय फार मोठी वाटते, आणि ती आहेच.

आता १०, १३ आणि १५ यांत फरक किती? जंगलात पक्ष्यांचा आवाज टिपायचा असेल तर बराच. पण रात्रीच्या शांत घरातसुद्धा साधारण ३० डेसिबलचा गलबला असतोच, पंखा चालू असेल तर आणखी वर. त्याखाली माइकचा स्वतःचा आवाज ऐकू यायची शक्यताच कमी. माणसांचा आवाज रेकॉर्ड करणाऱ्याने या आकड्यावरून खरेदी ठरवू नये.

कॅमेऱ्यावर बसणारे, ३.५ मिमी पिनवाले छोटे माइक ही वेगळीच जमात. त्यांतले कित्येक दिसायला शॉटगन असले तरी नळी इतकी आखूड असते, की ती असून नसून सारखीच. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकपेक्षा ते नक्कीच बरे, पण त्यांच्याकडून बूमची अपेक्षा करू नये.

आणि आजीसाठी? हजाराच्या आसपास मिळणारा, पदराला किंवा कॉलरला लावायचा वायरवाला लॅव्हेलिअर माइक. तो सगळ्या दिशांनी ऐकतो, त्याला नळी नाही, दिमाखही नाही. पण तो तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. नऊवारीची सळसळ आणि मंगळसूत्राचा खणखणाट तेवढा सांभाळावा लागतो.

पावसाळ्याचा मुद्दा

मुंबई, कोकण, गोव्यात काम करणाऱ्यांसाठी मात्र महाग माइकच्या बाजूने एक खराखुरा मुद्दा आहे. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये विद्युतभार धरून ठेवलेला असतो. हवा दमट झाली की तो झिरपतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चटचट, फुसफुस सुरू होते. एसी गाडीतून उतरून थेट जुलैच्या हवेत माइक काढला तर हमखास. एमकेएच ४१६ आणि एनटीजी ५ या दोन्हींत कॅप्सूल रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटवर चालते, तिला हा ओलावा फारसा बाधत नाही. ४१६ इतकी वर्षं टिकून आहे, त्यात या गुणाचा वाटा मोठा.

किनाऱ्यावर किंवा गडावर शूटिंग असेल, तर माइक कोणताही असो, केसाळ विंडशील्ड हवंच. माइकसोबत मिळणारा स्पंज फक्त मंद वाऱ्यापुरता असतो.

आधी जागा, मग माइक

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) मुंबईत तयार झाला. स्टुडिओजवळून रेल्वेचा मार्ग जायचा. मग गाड्या बंद असताना, मध्यरात्रीनंतर शूटिंग करण्यात आलं आणि माइक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून सेटवर लपवले गेले. नव्वदहून अधिक वर्षांत माइक ओळखू येणार नाही इतका बदलला, पण गाडी जाईपर्यंत थांबणं काही सुटलेलं नाही.

घरात रेकॉर्डिंग करायचं तर खोली निवडताना मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर 'टंंग' असा शेपूट ऐकू आला, तर ती खोली सोडावी. हॉलपेक्षा कपड्यांचं कपाट, गाद्या आणि पडदे असलेली बेडरूम जवळजवळ नेहमीच सरस ठरते. फरशीवर सतरंजी, बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी. मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावं, मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे. खालची घरघर त्या स्पीकरला ऐकवताच येत नाही.

पंखा बंद, फोन सायलेंट, कुकर आधीच उतरवलेला, आणि फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचं विसरायला होतं, म्हणून साउंडवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी निघताना ती लागतेच.